सहजच आलोय

बेल वाजायची, आणि दार उघडायच्या आत बाहेरून खणखणीत आवाज यायचा, "सहजच आलोय हो! काही झालेलं नाही!"

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी हातात डोशाच्या पिठाचा डाव घेऊन उभी होते. शारजात अल मजाजच्या त्या इमारतीत येऊन आम्हाला जेमतेम आठवडा झाला होता. मनात म्हटलं, काही झालंय असं म्हणालंय कोण? दार उघडलं तर समोर एक उंच, सडसडीत म्हातारे गृहस्थ. पाठ अशी ताठ की मीच नकळत सरळ उभी राहिले. भर ऑगस्टात शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत बटणं लावलेल्या. हातात रिकामी वाटी.

"समोरच्या फ्लॅटमधला मी. सूनबाईला दही लावायचंय, विरजण हवंय."

मी विरजण दिलं, दार लावलं आणि नवऱ्याला म्हटलं, "शेजारी जरा सर्किट दिसतात."

अशी माणसं तुमच्याही शेजारात राहून गेली असतील. आधी हसू येतं, मग सवय होते, आणि मग एक दिवस त्या हसण्याचंच वाईट वाटायला लागतं. माझं तसंच झालं.

ते भारतीय हवाई दलातून निवृत्त झालेले एअर कमोडोर. आमच्या बिल्डिंगला हा हुद्दा काही झेपला नाही. नातूर त्यांना कर्नलसाब म्हणायचा. (तिकडे वॉचमनला नातूर म्हणतात. पहिले काही दिवस मी खाली कोणी कोकणातले नातू राहतात असं समजत होते, ते असो.) शेजारचा वसईचा पीटर त्यांना कॅप्टनअंकल म्हणायचा. माझी रिया म्हणायची, 'एअर आजोबा'. ते सगळ्यांना ओ द्यायचे. मी काका म्हणायचे. एकदा विचारलं, "काका, तुम्हाला राग नाही येत?"

"नातूर मला एक हुद्दा खाली आणतो. या वयात थोडं खाली उतरलेलं बरंच."

दुसरं महायुद्ध संपत आलं तेव्हा ते विमान चालवायला शिकले. पंख्याच्या विमानांपासून जेटपर्यंत सगळं त्यांनी केलं. पण सांगायला बसले की सगळी नोकरी चार वाक्यांत संपवायचे. "फ्लाइंग ऑफिसर होतो तेव्हा उडायचो. स्क्वाड्रन लीडर झालो आणि दुसऱ्यांना उडवायला लागलो. ग्रुप कॅप्टन झालो, स्टेशनचा कमांडर झालो, तेव्हा दारं वाजवायला लागलो. एअर कमोडोर झालो तो दिल्लीत, फाइली वाचायला." ते दारांचं वाक्य आलं की आम्ही हसायचो. आम्हाला वाटायचं, बेल वाजवून ओरडतात त्यावरून स्वतःचीच चेष्टा करतायत.

शारजात किंग अब्दुल अझीझ स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. दोन्हीकडे बिल्डिंगा, दुकानं, शावर्माच्या गाड्या, पार्किंगसाठी मारामारी. तो रस्ता म्हणजे जुन्या विमानतळाची धावपट्टी, हे मला त्यांच्याकडून कळलं. पन्नासच्या दशकात ब्रिटनहून नवी विमानं भारतात उडवत आणायची, तेव्हा ते इथे तेल भरायला उतरले होते. "वाळू होती गं नुसती. वाळूवर तेल ओतून दाबलेली पट्टी आणि एक किल्ल्यासारखं विश्रामगृह. मिलिंद म्हणाला, शारजाला नोकरी लागली, तर मी म्हटलं, तिथे कोण राहतं? तिथे पेट्रोल भरतात आणि निघतात."

मिलिंद म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा, सिव्हिल इंजिनिअर. बापाचा ताठपणा त्याच्यात नव्हता, गोड, गुबगुबीत, सतत घाईत असलेला माणूस. त्याची बायको अनघा माझी मैत्रीण झाली. आमच्या घरच्या चाव्या त्यांच्याकडे, त्यांच्या आमच्याकडे. ऑफिसातल्या इमर्जन्सी कॉन्टॅक्टमध्येही एकमेकांचे नंबर दिलेले.

काका संध्याकाळी त्या रस्त्याने फिरायला जायचे, कधीकधी मी आणि रिया बरोबर असायचो. रस्ता ओलांडताना ते आधी वर आकाशात बघायचे, मग डावीउजवीकडे. रिया म्हणायची, "Ajoba, cars don't come from the sky."

"सवय गं," ते म्हणायचे, आणि पुढच्या सिग्नलला पुन्हा वर बघायचे.

मग ते दोन हजार आठ साल आलं. मी दुबईत, जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका कंपनीत एचआरला होते. शारजाहून तिथे पोचायचं म्हणजे सकाळी दीड-दोन तासांची शिक्षा असायची. दिवाळीनंतर एके दिवशी मी चक्क लवकर पोचले. बघते तर सगळेच लवकर आलेले आणि सगळ्यांची तोंडं उतरलेली. रस्ता मोकळा मिळाला म्हणून घाबरलेली माणसं मी तेव्हाच पाहिली. मग क्रेन थांबल्या. एअरपोर्टच्या पार्किंगमध्ये लोक गाड्या सोडून जायला लागले. रियाच्या वर्गातली मुलं निरोप न घेता दिसेनाशी व्हायला लागली.

लिफ्टमध्ये मी काकांना म्हटलं, "मार्केट पार क्रॅश झालं हो काका."

"मंदी म्हण," ते म्हणाले. "क्रॅश नको म्हणू."

माझं काम काय होतं ते तुम्हाला कळलंच असेल. लोकांना केबिनमध्ये बोलवायचं आणि उद्यापासून येऊ नका म्हणून सांगायचं. एका संध्याकाळी मी घरी न जाता बिल्डिंगखालच्या बाकावर बसून राहिले होते. काका फिरून येत होते. शेजारी बसले. मी म्हटलं, "आज बऱ्याच जणांना काढलं, काका. त्यातला एक माझ्याच गावचा."

त्यांनी अरेरे केलं नाही. विचारलं, "कसं सांगितलंस?"

मी सांगितलं. आधी जागतिक परिस्थिती, मग कंपनीची परिस्थिती, मग रिस्ट्रक्चरिंग, मग मॅनेजमेंटला किती दुःख होतंय ते.

"आणि तेवढा वेळ तो माणूस तुझ्या तोंडाकडे बघत बसला?"

"हो."

"आधी नाव घ्यायचं. मग गोष्ट, एका वाक्यात. मग गप्प बसायचं. आणि तो उठेपर्यंत आपण उठायचं नाही." मग म्हणाले, "आणि बरं वाटेल असं काही बोलायचं नाही. बरं वाटत नसतं."

"हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"दारांनी," ते म्हणाले, आणि त्या दिवशी मला त्या चार वाक्यांतलं तिसरं वाक्य समजलं.

स्टेशनवरचं एखादं विमान परत आलं नाही की घरी सांगायला कमांडरने जायचं, अशी पद्धत होती. फोन नाही, निरोप्या नाही. टोपी घालून, बायकोला बरोबर घेऊन, स्वतः. क्वार्टर्सच्या रस्त्यावर त्यांची गाडी हळू चालायला लागली की खिडक्याखिडक्यांत बायका उभ्या राहायच्या, कोणाच्या फाटकाशी थांबते ते बघत. "माझी बायको कधी काही बोलायची नाही. दार उघडलं की आधी सरळ स्वयंपाकघरात जायची आणि स्टोव्ह बंद करायची. प्रत्येक घरात काहीतरी शिजत असायचंच."

"मग पुढे पुढे काय झालं," काका म्हणाले, "मी कोणाकडे साखर मागायला गेलो तरी दार उघडणारी पांढरी पडायची. एकीच्या हातातली कपबशी पडून फुटली. मी बॅडमिंटनची रॅकेट परत करायला गेलो होतो. त्या दिवसापासून मी बाहेरूनच ओरडायला लागलो."

मला विरजणाची वाटी आठवली. नवऱ्याला मी काय म्हटलं होतं तेही आठवलं.

त्यांना मी एकदाच चिडलेलं पाहिलं, ते पीटरच्या आईच्या वेळी. पीटर हॉटेलात बँक्वेट मॅनेजर होता. वसईहून भावाचा फोन आला, "आई सीरियस आहे, येऊन जा." गल्फमध्ये राहणाऱ्या प्रत्येकाला हा 'सीरियस' माहीत असतो. सीरियस म्हणजे गेली. ऐकणाऱ्या सगळ्यांना ते कळतं, फक्त ज्याची आई असते त्याला कळत नाही. पीटरने बीपी मोजायचं मशीन विकत घेतलं, आईला आवडतात म्हणून चॉकलेटं घेतली आणि विमानात बसला. वसईत गल्लीच्या तोंडाशी त्याला भाड्याच्या खुर्च्या मांडलेल्या दिसल्या.

परत आल्यावर तो आमच्याकडे बसून हे सांगत होता. काका उठून उभे राहिले. "कोणी सांगितलं तुला सीरियस म्हणून? भावाने? त्याला माझ्यासमोर उभं कर." मग स्वतःच खाली बसले आणि पीटरच्या गुडघ्यावर हात ठेवून बराच वेळ बसून राहिले.

त्यानंतर काही दिवसांनी, खालिद लगूनच्या काठी फिरताना, मी न विचारता त्यांनी मला एक हकिगत सांगितली. ती त्यांनी कोणाला सांगितली नव्हती, मिलिंदलाही नाही.

एक तरुण पायलट होता, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. त्याचं विमान समुद्रात पडलं. बरोबरच्या विमानातल्याने डोळ्यांनी पाहिलं होतं, शंका घ्यायला जागाच नव्हती. काका बायकोला घेऊन दारात गेले. मुलीने दार उघडलं. विशीची असेल, हाताला कणीक लागलेली. "आणि माझी जीभ उचलेना. मी म्हणालो, शोध चालू आहे. माझ्या बायकोने माझ्याकडे बघितलं. त्या दिवशी ती स्टोव्ह बंद करायला आत गेली नाही. शोध चालू आहे म्हटल्यावर कसा बंद करायचा?"

नंतर ते पुन्हा गेले, खरं सांगायला. पण ती ऐकेना. तुम्हीच म्हणालात ना, शोध चालू आहे? तिने तेवढंच धरून ठेवलं. काकांनी दिल्लीची फाइलींची नोकरी मागून घेतली ती त्यानंतर. मित्रांनी वेड्यात काढलं, चांगला उडणारा माणूस टेबलाशी कशाला जातो म्हणून.

"निवृत्त झालो त्या दिवशी ती मला भेटायला आली होती," काका म्हणाले. "तिशीतच केस पिकायला लागलेले. कुंकू तसंच. मला म्हणाली, सर, शोध कुठवर आला?"

लगूनच्या पाण्यात पलीकडच्या बिल्डिंगांचे दिवे लागले होते. आम्ही तसेच चालत घरी आलो.

मंदी आमच्या मजल्यावरही आली. मिलिंदचा प्रोजेक्ट थांबला, आधी अर्धा पगार झाला आणि मग खलास. सुदैवाने लांब उम्म अल क्वैनला एका लहान कॉन्ट्रॅक्टरकडे काम मिळालं, पण तेवढ्या पगारात चौघांचा संसार शारजात चालण्यासारखा नव्हता. अनघा लेकीला घेऊन पुण्याला गेली. काकांनीही जावं असं सगळ्यांचं म्हणणं होतं. ते हलायला तयार नव्हते.

"स्टेशन खाली करायची वेळ आली की कमांडर शेवटच्या विमानाने निघतो."

मी म्हटलं, "काका, कमांडर आता मिलिंद आहे."

"मग मी त्याचा मेसचा कुक."

आणि खरंच, ऐंशी ओलांडलेला हा माणूस कुकर लावायला शिकला. खिचडी, पिठलं, परत खिचडी. विरजण मागायला आता सुनेच्या नावावर नाही, स्वतःसाठी यायचे. "सहजच आलोय हो! काही झालेलं नाही! दही बिघडलंय फक्त!" एव्हाना आख्ख्या मजल्याला ती सवय लागली होती. पीटर बेल वाजवून ओरडायचा, रिया ओरडायची, मीसुद्धा त्यांच्या दाराशी गेले की ओरडायचे, "सहजच आलेय हो काका!" आतून उत्तर यायचं, "ये ये, दार ढकल." मिलिंद एकदा मला जिन्यात म्हणाला, "बाबा माझ्यासाठी थांबलेत असं त्यांना वाटतं. खरं म्हणजे ते आहेत म्हणून मी रोज घरी येतो. नाहीतर गाडीतच झोपलो असतो." हसत म्हणाला, पण चेहरा थकलेला होता. रोज तेवढं ड्रायव्हिंग, साइटवरचं ऊन, आणि ही नोकरी तरी टिकेल का याची धास्ती.

तो शनिवार होता. मला सुट्टी, मिलिंदच्या कंपनीला नाही. माझा फोन वाजला. मिलिंदच्या ऑफिसातला एक मल्याळी मुलगा होता. "मॅडम, मिलिंद सर गिर गये. हॉस्पिटल लेके गये. खलास, मॅडम." मग रडायला लागला, आणि रडतारडता म्हणाला, "अंकल को बोलना सीरियस है."

नवरा घरीच होता, पीटरलाही बोलावलं. आम्ही तिघं आमच्या हॉलमध्ये उभे. समोरच्या दारामागे काका कुकर लावत असणार. पीटर म्हणाला, "आत्ता सीरियस सांगू. उपचाराला पुण्याला हलवतायत म्हणू, आणि यांना घेऊन पुण्याची फ्लाइट पकडू. घरी पोचले की अनघावहिनी आहेत, माणसं आहेत. इथे एकट्याला काही झालं तर?"

मी म्हटलं, "पीटर, तू हे म्हणतोस?"

तो खाली बघत म्हणाला, "मी म्हणूनच म्हणतो. शिव्या दिल्या मी भावाला. पण त्या विमानात मला आशा होती. तेवढा वेळ तरी माझी आई होती ना."

खरं सांगते, मी डळमळले. ऐंशीच्या पुढचा माणूस, एकुलता एक मुलगा. एक शब्द बोलायचा, सीरियस, आणि पुढचं पुण्याच्या लोकांनी बघायचं. मग मला ती कणकेचे हात घेऊन दारात उभी असलेली मुलगी आठवली, मी तिला कधी पाहिलंही नव्हतं. मी एकटीच गेले.

बेल वाजवली. तोंडात ते वाक्य सवयीने आलं होतं. ते मी गिळलं.

आत पावलांचा आवाज दाराकडे येत होता. तो मध्येच थांबला. ते माझ्या ओरडण्याची वाट बघत असावेत. मी उभी राहिले. मग बऱ्याच वेळाने दार उघडलं. त्यांनी बाह्या खाली ओढून बटणं लावली होती.

ये म्हणाले नाहीत. "नाव सांग," म्हणाले.

"मिलिंद."

"गेला?"

"हो काका. आत्ता, ऑफिसात. हार्ट. हॉस्पिटलमध्ये पोचायच्या आधीच."

आणि मी गप्प राहिले. त्यांनीच शिकवलं होतं, पण इतकं अवघड काम मी आयुष्यात दुसरं केलेलं नाही. त्यांनी दाराच्या चौकटीला धरलं होतं. मान वर नव्हती, खाली नव्हती. मग त्यांना माझे पाय दिसले.

"चप्पल न घालताच आलीस," ते म्हणाले.

मी त्यांच्या बाजूने आत गेले, सरळ स्वयंपाकघरात, आणि गॅस बंद केला. कुकरमध्ये खिचडी होती, दोघांपुरती. बाहेर येऊन बघते तर ते खुर्चीत ताठ बसून रडत होते, अजिबात आवाज न करता. मी खाली जमिनीवर बसले आणि मीही रडले. ते उठेपर्यंत उठले नाही.

उठले तेव्हा पहिलं वाक्य बोलले ते असं, "अनघाला कोणी फोन करायचा नाही."

मी म्हटलं, "काका, तिला कळायला हवं. तिचा नवरा आहे."

"कळेल. मी सांगीन. फोनवर सांगितलं की फोन ठेवल्यावर माणूस एकटा उरतो. ते काम दारातच करायचं असतं." मग म्हणाले, "पहिल्या फ्लाइटचं बघ."

तेव्हा व्हॉट्सअ‍ॅप नव्हतं म्हणून ते जमलं. माझा नवरा कागदपत्रांसाठी आणि मिलिंदला पुण्याला पाठवायच्या व्यवस्थेसाठी हॉस्पिटलकडे गेला, ते सगळं व्हायला काही दिवस लागणार होते. पीटर काकांबरोबर जायला निघाला. मी मिलिंदच्या ऑफिसला फोन करून हात जोडले, कोणी पुण्याला कळवू नका म्हणून. काका ब्लेझर घालून, टाय बांधून तयार झाले.

दुपारी अनघाचाच फोन आला. स्क्रीनवर तिचं नाव. मला माहीत होतं ती काय विचारणार, यांचा फोन का लागत नाही. उचलला असता तर खरं बोलावं लागलं असतं, नाहीतर खोटं. फोन वाजत राहिला, थांबला, पुन्हा वाजला. काका समोर बसले होते. ते फोनकडे बघत होते, मी त्यांच्याकडे.

खाली टॅक्सी रस्त्याच्या पलीकडे उभी होती. पीटर बॅगा घेऊन पुढे झाला. काकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "नीट सांगितलंस." मग रस्ता ओलांडला. त्या दिवशी त्यांनी वर पाहिलं नाही. मीच पाहिलं.

ते शारजाला परत आले नाहीत. पुण्यातच आणखी काही वर्षं राहिले. फोनवर बोलायचे, रियाची चौकशी करायचे, दही आता छान लागतं म्हणायचे. गेले तेव्हा अनघाचा फोन आला. "ताई, बाबा. आज पहाटे गेले," एवढंच म्हणाली, आणि गप्प राहिली. तिला कोणी शिकवलं ते विचारायची गरज नव्हती.

पुढच्या सुट्टीत मी तिला भेटायला पुण्याला गेले. त्या सकाळी तिच्या दारात काय झालं ते मला इतकी वर्षं माहीत नव्हतं. पीटरला विचारलं होतं, तो नुसती मान हलवायचा. त्या दिवशी अनघाने आपणहून सांगितलं.

"सकाळची वेळ होती. दूध तापत होतं. बेल वाजली. मी म्हटलं, कोण? उत्तर नाही. दार उघडलं तर बाबा. टाय बांधलेला, मागे पीटर. बाबा शारजाला असायला हवेत आणि इथे दारात उभे, आणि बोलत नाहीयेत. ताई, मला सगळं कळलं. तरी मी त्यांना म्हटलं, बाबा, म्हणा ना. सहजच आलोय म्हणा. एकदाच म्हणा."

मी तिचा हात धरला.

"त्यांचे ओठ हलले. मला वाटलं, म्हणतात आता. आणि ते म्हणाले, अनघा, मिलिंद गेला. बस. मग मी ओरडले का रडले मला आठवत नाही. एवढंच आठवतं की बाबा माझ्या बाजूने आत गेले आणि गॅस बंद केला."

निघताना दारापाशी मला एका खिळ्यावर लाल नाडीत ओवलेली लॅचची किल्ली दिसली. नाडी मळलेली होती. मी विचारलं, "ही कोणाची?"

"बाबांची," अनघा म्हणाली. "गळ्यात घालून फिरायचे. भाजी आणायला खाली गेले तरी किल्ली बरोबर. मी घरात आहे, बेल वाजवा की, म्हणून कितीदा सांगितलं. पण त्या दिवसानंतर त्यांनी या दाराची बेल कधी वाजवली नाही."